स्क्रीनवरचा जांभळा डाग

मंडळी, आज दुपारी माझ्या डीटीपीच्या दुकानात जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याचं दिवाळीचं भेटकार्ड करत होते. कार्डाचा वरचा पांढरा कोपरा जांभळट दिसायला लागला. रंगाचे आकडे तपासले, बरोबर होते. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तरी तेच.

मग माझा संशय सुनीलवर गेला. शेजारच्या मशीनवर तोच काम करतो. हल्ली बाहेर जाऊन फोनवर हळू आवाजात बोलतो. वाटलं, हा दुसरीकडे नोकरी बघतोय आणि जाता जाता माझ्या फाइल्स बिघडवतोय. मी त्याच्यादेखत, आम्हा दोघांनाही माहीत असलेला माझ्या मशीनचा पासवर्ड बदलला.

नंतर सहज पान खाली सरकवलं. कार्ड सरकलं, डाग मात्र जिथल्या तिथे! म्हणजे खोट फाइलमध्ये नव्हतीच. माझ्या जुन्या, डब्यासारख्या मॉनिटरवरची कालची झेंडूची माळ उचलली, तर आड छोटासा गणपती. गाडीत चिकटवतात तसला, बुडाला लोहचुंबक असलेला. असल्या जुन्या मॉनिटरजवळ लोहचुंबक आला की रंग बिघडतात.

"हा कोणी ठेवला?"

"मीच, ताई," सुनील म्हणाला. "काल दसऱ्याची पूजा करून तुम्ही गेलात, तेव्हा. तुमचा कॉम्प्युटर सारखा अडकतो ना, म्हणून."

गणपती फळीवर ठेवला, मॉनिटर बंद करून चालू केला. डाग गेला.

सुनीलला चहाला हाक मारली, तर म्हणाला, "झाला माझा." सकाळपासून तो खुर्चीतून उठलेला नाही.

आता तुम्हीच सांगा, नवा पासवर्ड त्याला कोणत्या तोंडाने सांगू?