शरणम्माची मल्ली, राजाबाईची चिंगी

बाळीवेशीत शरणम्माच्या कडक भाकरीला तोड नव्हती आणि तिच्या तोंडालाही. नवरा महादेवप्पा आडतीच्या दुकानात दिवाणजी. सकाळी गेला की दिवेलागणीलाच घरी यायचा. मूलबाळ झालं नाही. होती ती मल्ली. राखाडी अंगाची, पांढऱ्या पायांची ही मांजरी बहात्तरच्या दुष्काळात घरामागच्या परड्यात येऊन बसली होती. तेव्हा शरणम्माने स्वतः कोरा चहा पिऊन आपल्या वाटचं दूध तिला पाजलं होतं. त्यामुळे मल्ली आपली, आपल्या एकटीची, याबद्दल तिला कधी शंकाच आली नाही. मल्ली महादेवप्पाच्या मांडीवर बसली तरी शरणम्माला खपायचं नाही. "धोतराला केस लागत्यात," म्हणून ती तिला उचलून घ्यायची.

दुष्काळ सरल्यानंतरच्या एका थंडीत मल्ली आजारी पडली. आधी शिंका, मग डोळ्यांना चिपडं, मग नाक पार चोंदलेलं. चुलीमागच्या पोत्यावर ती अंग चोरून पडून राहिली. शरणम्माने दूध ठेवलं, मल्लीने तोंड फिरवलं. दहीभात कालवला, तो तसाच वाळला. बोटावर साय घेतली, ती मिशांना लागून राहिली. शेवटी कापसाची वात पाण्यात बुडवून तिने मल्लीच्या ओठांत पिळली. थोडं आत गेलं, बाकीचं हनुवटीवरून ओघळलं.

"खा की गं बाई, किती अंत बघतीस माझा?"

मल्लीने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

दुपारी शेजारची राजाबाई दारात आली. करमाळ्याकडची बाई, नवरा मिलमध्ये. दोघींच्या परड्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती, पण येणंजाणं बेताचंच. उंबऱ्याबाहेरूनच तिने विचारलं, "अक्का, चिंगी दिसंना कुटं. हितं हाय व्हय?"

"कोण चिंगी?"

एवढ्यात चुलीमागे मल्लीने मान उचलली. तिला उठवत नव्हतं, पण त्या आवाजाकडे कान वळवून ती बारीक ओरडली.

सकाळपासून आपण हिच्या विनवण्या करतोय, आणि हिला ऐकू आलं ते हे! शरणम्माचा हात वातीसकट तिथेच थांबला.

"रोज दुपारी येती की आमच्याकडं," राजाबाई सहज सांगू लागली. "सुकट भाजाया घेतली की पायातच घुटमळती. लई गुणाची हाय."

सुकट! गळ्यात लिंग बांधणाऱ्या, मासळीला न शिवणाऱ्या घरातली मांजरी रोज भिंत ओलांडून वाळकी मासळी खाऊन येत होती, आणि त्याच तोंडाने इथलं दूध पीत होती. मासळीचा संताप आलाच; पण खरं बोचलं ते वेगळंच. दुपारी शरणम्मा भाकऱ्या थापायला बसायची, तेव्हा मल्ली कुठेतरी ऊन खात पडली असेल असं ती समजायची. ऊन कुठलं! मल्ली दुसऱ्या घरी, दुसऱ्या नावाने सुखात नांदत होती.

राजाबाई आत डोकावून म्हणाली, "नाक चोंदलंय तिचं. वास येईना म्हणून खाईना. माझ्याकडं द्या, सुकट गरम करून चारते. वास लागला की खाईल बगा."

"माझी मांजर कुठं जायची न्हाई," असं म्हणून शरणम्माने दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लीने वातीतलं पाणीही गिळलं नाही. मानेचं कातडं चिमटीत धरलं तर ते तसंच उभं राहिलं, इतकं अंगातलं पाणी आटलं होतं. महादेवप्पा जेवता जेवता म्हणाला, "दे की तिच्याकडं. जीव तर वाचंल."

"तिच्या हातचं खाऊन वाचायची असंल तर..." शरणम्मा बोलता बोलता थांबली. पुढचे शब्द ओठांवर आले होते. ते मनात ऐकूनच ती चरकली.

नवरा दुकानात गेला तशी तिने पदर नाकापर्यंत ओढला आणि बाजाराच्या पार टोकाला, मासळीवाल्या बसत तिथे गेली. आयुष्यात ती त्या बाजूला फिरकली नव्हती. "सुकट देऊ का बोंबील?" बाईने विचारलं. शरणम्माला दोन्हीतला फरक ठाऊक नव्हता. तिने नुसतं एका ढिगाकडे बोट दाखवलं आणि मान फिरवली.

घरात न्यायचा प्रश्नच नव्हता. परड्यात तीन दगड मांडून, फुटक्या खापरीवर तिने ती सुकट टाकली. धुराने डोळे चुरचुरले, वासाने तिने पदर नाकाला लावला. भिंतीपलीकडून आवाज आला, "अक्का, करपतंय! जाळ काढा खालचा. कुस्करून कोमट पाण्यात कालवा, म्हंजी पाणीबी जाईल पोटात."

हिला हेही ठाऊक! शरणम्मा वर न बघता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. पण जाळ मात्र काढला आणि पाणीही कोमट केलं.

मल्लीला तिने पोत्यासकट उचलून परड्यात आणलं आणि कालवण बोटावर घेऊन नाकाशी धरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग नाकपुडी हलली. मल्लीची खरखरीत जीभ बोटाला लागली. एकदा, मग परत. मग तिने बोटच चावलं.

"खाल्लं!" शरणम्मा भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "माझ्या हातनं खाल्लं!"

"लई बरं झालं," राजाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच आनंद होता. तोच शरणम्माला जास्त झोंबला. जरा जळली असती तर बरं वाटलं असतं.

मल्ली हळूहळू बरी झाली आणि पुन्हा भिंतीवर चढू लागली. शरणम्माने अडवलं नाही. तिने वेगळीच युक्ती केली. राजाबाईची चूल पेटायच्या आत ती परड्यात खापरी तापवू लागली. मग अंघोळ करायची, लुगडं बदलायचं, आणि मगच लिंगपूजेला बसायचं. महादेवप्पाने एकदाच विचारलं, "शरणे, हे काय चालवलंयस?"

"घरात न्हाई, परड्यात हाय," ती म्हणाली. तेव्हापासून तो सुट्टीच्या दिवशी, परड्यातला वास नको म्हणून, पान वाढून घेऊन पुढच्या सोप्यात जेवू लागला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा राजाबाई भिंतीशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा जरा उतरलेला होता. "अक्का, चिंगी हल्ली येतच न्हाई वो आमच्याकडं. मी वाट बगत बसते."

"येईल की. जाती कुठं?" शरणम्मा समजुतीच्या सुरात म्हणाली. मग ती घाईने आत गेली आणि दाराआड उभी राहून, तोंडाला पदर लावून, आवाज बाहेर जाऊ न देता पोटभर हसली.