भागूबाई आणि तीन विभागांचं मशीन

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर. झुरळ दिसलं की ही स्टुलावर, साहेबांनी बोलावलं की घशाला कोरड. म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला भागूबाईच म्हणायचे आणि तीही मुकाट ओ द्यायची. अशा बाईच्या गळ्यात विद्यापीठाने आपलं सगळ्यात महागडं मशीन बांधावं, आता काय म्हणायचं याला!

मशीन तीन विभागांनी मिळून आणलेलं. कुठल्याही वस्तूच्या अगदी वरच्या पापुद्र्यात काय दडलंय ते क्ष-किरण टाकून सांगणारं. आधी मुलं आपले नमुने परगावी पाठवून महिनोन्‌महिने हात चोळत बसायची. ते बघून, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तिन्ही विभागप्रमुखांनी एकत्र मागणी केली. मशीन आलं आणि लगेच जुंपली: चालवणार कोण? कंपनीच्या इंजिनिअरने शिकवलं होतं भागूबाईला, पण ती कंत्राटी. शेवटी ठरलं, समितीसमोर चालवून दाखवायचं. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी. आणि घरी नवरा आधीच बसलेला, त्याचा कारखाना बंद पडल्यापासून.

त्या सकाळी तिला चहासुद्धा उतरेना.

"अगं, येतं ना तुला सगळं?" नवरा म्हणाला.

"येतं हो. पण पडलं तर?"

नमुना आत न्यायचा म्हणजे जिवावरचं काम. आधी छोट्या पेटीत ठेवायचा, तिथली हवा पंपाने उपसायची, मग मधली झडप उघडून लांब दांड्याने मोठ्या, कायम निर्वात ठेवलेल्या पेटीत ढकलायचा. तिथे खाचेत नीट बसला की दांडा फिरवून सोडवायचा. हे सगळं बाहेरून, गोल काचेतून बघत. आत हात घालता येत नाही.

समिती तिच्या मागे येऊन उभी राहिली. अध्यक्ष म्हणजे रसायनच्या मॅडम, हसायचं माहीत नसलेल्या. भागूबाईने सोन्याच्या पत्र्याचा तुकडा दांड्यावर लावला. तुकडा खाचेपाशी आला, तेवढ्यात भौतिकचे सर म्हणाले, "चला, आटपा, मला लेक्चर आहे." ती दचकली आणि तुकडा बसलाय की नाही हे न बघताच तिने दांडा फिरवला.

तुकडा पडला.

"गेलं!" सर ओरडले. "आता पेटी उघडा, आठवडाभर पुन्हा हवा उपसत बसा!"

भागूबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. संपलं सगळं. घरी जाऊन काय सांगायचं? टेबल धरूनच ती काचेला डोळा लावायला वाकली. तुकडा पार तळाला पडला होता, कशात अडकला नव्हता. दांडा मोकळा होता. आतला दाब जिथल्या तिथे.

"राहू दे तिथेच," ती कशीबशी म्हणाली. "सर्व्हिसिंगच्या वेळी काढू. मी दुसरा लावते."

"अहो, पण..."

"सर, जरा गप्प बसा!"

देवा! आपणच बोललो हे? आता नोकरी तर जाणारच, वर बोलणी खावी लागणार. पण दांडा हातात होता, सोडता येईना. या वेळी ती खाचेकडे बघत राहिली, बघतच राहिली, आणि तुकडा घट्ट बसल्यावरच तिने दांडा फिरवला. थोड्या वेळाने पडद्यावरच्या आलेखात सोन्याची उंच टोकं उमटली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर तर घड्याळ बघत निघूनही गेले.

मॅडम मात्र थांबल्या. "इतक्या घाबरता तुम्ही?"

"हो मॅडम." खोटं कशाला बोलायचं? "रोज घाबरते. रात्री स्वप्नातसुद्धा पाडते."

"मग तुम्हीच चालवा. ज्याला याची भीती वाटत नाही, त्याच्या हातात हे द्यायला मी घाबरते. ऑर्डर काढते."

मॅडम गेल्या. भागूबाईने नवऱ्याला फोन लावला, त्याने उचलला, आणि हिच्या तोंडून शब्दच फुटेना.

"पडलं का गं?" तो हळूच म्हणाला. "असू दे. तू घरी ये."