माझ्या अभिनंदनाचा बोर्ड

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेवढ्याच बळावर लिहायला बसलोय, माफी असावी. पण माझ्या अभिनंदनापायी काकांचा जीव जाता जाता राहिला आणि बोलणी मात्र मी खाल्ली, हे काही गिळवत नाही!

झालं असं, की मी महाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला पास झालो. (नुसता पास. पण काकांना कोण सांगणार?) ते मुंबईहून बोर्ड घेऊनच आमच्या गावी, तुडीलला उतरले. दाराएवढी लोखंडी चौकट, आणि तिच्यात मी! फोटो प्रवेश अर्जावरचा, तापातून उठून काढलेला. गालफडं बसलेली, डोळे खोल, दात तेवढे बाहेर.

"विजेच्या खांबावर लावू," काका म्हणाले. "एसटीतून उतरणाऱ्याला पयला तूच दिसला पायजेस!"

"काका, नको. वर तारा आहेत."

"वहिनी, बघा, लाजतोय पोर!"

"लाजत नाही हो! चौकट लोखंडाची आहे. तारेला टेकली तर..."

"किती साधा हाय माझा पोर!" आईने डोळ्यांना पदर लावला.

मी जितका ओरडलो तितका माझा विनय वाढत गेला! बाबांनी शिडी धरली. तीही लोखंडाची. (लाकडाची शिडी गोठ्यात आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. म्हणजे आमच्या घरात सुरक्षित कोण, तर कोंबड्या!)

"काका, लाइन बंद केल्याशिवाय वायरमनसुद्धा चढत नाही!"

"वायरमनचा पुतण्या पास झालाय काय?" असं म्हणून काका चढले.

चौकटीचा कोपरा तारांकडे कलला, आणि माझ्या तोंडून निघालं, "मी नापास झालोय! एटीकेटी लागलीय!"

काका तसेच उलट पावली खाली! विजेला न भिणारा माणूस एटीकेटीला भ्याला!

मग रडारड. घाबरून मी मोबाइलवर निकाल दाखवला, तर काका भडकले, "म्हंजे खोटं बोललास? चारचौघांत माझी लाज काढलीस?" बाबा म्हणाले, "यासाठी शिकवला काय रे तुला?" माणूस धडधाकट खाली उतरला, त्याचं कुणालाच काही नाही! काका रागाने बोर्ड टेम्पोत घालून बिरवाडीला आत्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला.

"बोर्ड लागला रे! खांबावर नाय हां, तू नको बोललेलास ना."

मला भरून आलं. अखेर कुणीतरी ऐकलं!

"मग कुठे लावला?"

"नाक्यावरच्या डीपीच्या कुंपणाला. तिथं कोण हात लावत नाय."

"आत्या! तो विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे, तिथे कवटीची लाल पाटी असते! जवळ जाऊ नकोस, मी वायरमनला फोन करतो!"

"कर बाबा." (आत्याला लांबचं जरा कमी दिसतं.) "पण त्या लाल पाटीवर तुझा दुसरा फोटो कशाला लावला रे? तसा तोच बरा आलाय."