इतर येणी आणि देवरे मॅडम

देवरे मॅडमनी पहिल्याच दिवशी कंपनीच्या येण्यांची यादी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतःच्या नावावर बोट टेकवलं.

"वाच. मी आपले व्हॉल्व्ह विकत घेतले का?"

"नाही, मॅडम."

"मग कंपनीला माझ्याकडून पैसे कसे यायचे?"

बी.कॉम.ची मार्कशीट पिशवीत होती, तरी मी यादी पुन्हा वरपासून वाचली.

"लेकीच्या फीसाठी अ‍ॅडव्हान्स घेतलाय, पोरी. तो, विजेची अनामत, सरकारकडून परत यायचा कर, ही सगळी इतर येणी. माल विकून यायचं ते गिऱ्हाइकाचं येणं. दोन्ही एका टोपलीत टाकायची नाहीत."

माझे वडील नांदगावात शिलाई करतात. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. अंबडच्या त्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी अकाउंट्समध्ये शिकाऊ होते, आणि कायम करतील की नाही ही धाकधूक रोज डब्याबरोबर सोबत यायची.

मॅडम अकाउंट्सच्या प्रमुख, सटाण्याकडच्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण हिशेबात गोंधळ दिसला की अहिराणीत "हाई काय शे?" असं विचारायच्या आणि सगळं अकाउंट्स खातं आपापले आकडे पुन्हा तपासायला लागायचं. प्रत्येक येण्यापुढे त्यांचा एकच प्रश्न असे, "हे कोण देणार, आणि का देणार?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायचं म्हणून एक कामगार अ‍ॅडव्हान्स मागायला आला, तेव्हा सही करता करता म्हणाल्या, "घे. पण तिच्याबरोबर आखाजीच्या झोक्यावर बसून परत द्यायचं विसरू नको."

दिवाळीच्या आधी गोदामाला आग लागली. तयार माल जळाला. विमा कंपनीचा माणूस पाहून गेला, पण होकार काही येईना. त्यातच बँकेच्या कर्जाच्या लिमिटचं नूतनीकरण आलं. बँक गिऱ्हाइकांची येणी बघून लिमिट ठरवते, इतर येणी धरत नाही. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"विम्याचे पैसे गिऱ्हाइकांत दाखव. तुला कायम करायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे."

मी जागेवर येऊन यादी उघडली. मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सांगितलं. त्या तशाच उठून आत गेल्या. दार उघडंच राहिलं.

"साहेब, जळालेल्या मालाला गिऱ्हाईक कुठून आणू?"

"बाई, लिमिट कमी झाली तर बोनस तुम्ही देणार का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही देऊ शकत. पण विमावाल्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. बँकेनं विचारलं तर ही पोर काय सांगेल?"

विम्याची रक्कम इतर येण्यांतच राहिली, 'मंजुरी बाकी' अशा शेऱ्यासह. लिमिट कमी झाली. बोनस अर्धाच मिळाला. कँटीनमध्ये एकानं टोमणा मारला, "मॅडम, अर्धी दिवाळी कशी असते हो?"

"अर्ध्या करंजीसारखी. आत सारण किती आहे ते तरी दिसतं."

लोक हसले. मॅडम मात्र चहा अर्धा ठेवून उठल्या. मी शेजारीच होते.

दिवाळीनंतर मालकांनी मॅडमना कामावरून कमी केलं. शेवटच्या पगाराचा हिशेब माझ्याकडे आला.

"माझा अ‍ॅडव्हान्स कापलास?"

"साहेब म्हणाले, हप्त्यांनी दिला तरी चालेल."

"कंपनीतून गेलेल्या माणसाच्या दारात हप्ते मागायला कोण जाणार? तू? काप."

मी कापला. उरलेली रक्कम त्यांना सांगितली. त्यांनी सही केली, चष्मा पुसून डबीत ठेवला आणि म्हणाल्या, "आता यादीतून माझं नाव काढ. माझ्यादेखत."

मालकांनी सगळा राग मॅडमवरच काढला होता; पुढे मी कायम झाले. मॅडमच्याच खुर्चीवर बसते. विम्याचा होकार अजून आलेला नाही. आज सकाळी मालकांचा फोन आला, "बँकवाले सोमवारी येतायत. यादी घेऊन ये. मागच्यासारखी भानगड नकोय."

विम्याची रक्कम इतर येण्यांतच ठेवून मी यादी छापली. त्या पानावर सवयीनं देवरे हे नाव शोधलं. नव्हतं. पाणी प्यायले, कागद सरळ केले आणि केबिनच्या दारावर टकटक केली.