शालिकरामचं साफ वावर

मिहान प्रकल्पाच्या पल्याड शालिकरामची चार एकर कपाशी. तिच्यात तण शोधून दाखवा, अशी तो भल्याभल्यांशी पैज लावायचा. काडीभर गवत दिसलं तरी त्याला जेवण गोड लागत नसे. त्याच्या बायकोचा, वच्छलाचा, जीव मात्र चांदी गाईत. गावाची चराई आक्रसत चालली होती. यंदा घरचा चारा झाला नाही, तर चांदीला उमरेडला वच्छलाच्या भावाकडे धाडायचं ठरलं. त्या दिवशी वच्छला जेवली नाही.

मग तिनं वावराच्या कडेच्या मुरमाड, पडीक बरडावर गवताबरोबर स्टायलो पेरलं. हा शेंगवर्गीय चारा, हलक्या जमिनीतही तगतो. बी फार टणक, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवलं.

श्रावणात ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. इकडे शालिकरामला बरडात गवत आणि बोटभर तीनपानी रोपटी तेवढी दिसली. चारा काही उगवला नाही, निदान जमीन तरी नीट करून ठेवू, म्हणून त्यानं दोन दिवस खपून सगळं निंदून काढलं.

वच्छला परतली ती बांधावरच थबकली.

"हे काहून उपटलं जी?"

"साफ केलं वं. तुहं बी उगवलंच नोतं."

"थेच होतं थे. पहिल्या साली हळूहळू वाढते."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शालिकरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाल्गुनात चांदी उमरेडला गेली.

पुढच्या पावसात बरडावर गवतासोबत पुन्हा तीच तीनपानी रोपटी. गरम पाण्यालाही दाद न दिलेलं बी वर्षभर मातीत पडून राहिलं होतं. शालिकरामनं स्वतः काटेरी कुंपण घातलं. शेजारचा केशव शेळ्या घेऊन आला, तर म्हणाला, "बी पडू दे गा आधी. तवर कोणी नाही."

मार्गशीर्षात बी पडलं. शालिकराम स्वतः जाऊन चांदीला घेऊन आला. कुंपणाशी दोर धरून त्यानं विचारलं, "सोडू का वं?"

वच्छलानं वाकून माती चाळली, गळलेलं बी पाहिलं. "सोडा."

चांदी गवतच खात सुटली. स्टायलोकडे ढुंकूनही पाहीना. शालिकरामचं तोंड उतरलं.

"आधी गवतच खाते थे," वच्छला म्हणाली. "दम धरा."

तो बांधावर बसून राहिला. दुपार कलता कलता चांदीनं स्टायलोत तोंड घातलं आणि मान वर केलीच नाही. शालिकरामचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलेही नाहीत.

"तुह्या भावाले फोन लाव," तो म्हणाला. "म्हण, चांदी आता घरीच राहते."