उजव्या हातावरचं दही

लहानपणी मला विचारायची खोड होती. मेढ्याजवळच्या आमच्या गावात पोरींनी एकदा विचारावं आणि गप्प बसावं, अशी रीत; मी मात्र उत्तर मिळेपर्यंत माणसाचा पिच्छा सोडत नसे. त्यामुळे माझे वडील, आबा, पलटणीतून रजेवर आले आणि म्हणाले, "चल, मिरजंला जाऊ, तुला बांगड्या भरू," तेव्हा मला प्रश्न पडला, माझ्या हातात बांगडी चढणार कशी?

माझा उजवा हात मी रांगत होते तेव्हा चुलीत पडला होता. भाजलेलं बरं झालं, पण बोटं तळहाताला चिकटली ती चिकटलीच. पाटी डाव्या हातानं, जेवण डाव्या हातानं, आणि त्यावरून पंगतीत बायकांची कुजबुज ठरलेली. आबा रजा संपवून निघाले की आई त्यांच्या उजव्या तळहातावर दही-साखर ठेवायची, मग आम्हा भावंडांच्या हातावर थोडी थोडी. माझ्या मात्र ती थेट तोंडात घालायची. माझा तो तळहात मी स्वतःच कधी पाहिला नव्हता. आत काय असेल, याचं मला फार कुतूहल होतं.

आबा, आई आणि मी निघालो. एसटीनं सातारा, तिथून मिरज. आबांनी नेलं ते थेट एका मोठ्या दवाखान्यात. तिथल्या ओट्यांवर पेशंटांचे नातेवाईक स्टोव्ह पेटवून भाकरी भाजत होते. बांगड्यांचा कुठे मागमूस नाही. एका खोलीत पांढऱ्या साडीतल्या सिस्टर भेटल्या, त्यांनाच मी विचारलं, "इथं बांगड्या कुठं भरतात?"

त्या आधी हसल्या, मग आबांकडे वळल्या. "पोरीला काही सांगितलं नाही की काय?"

"भ्याली असती ती," आबा म्हणाले.

आईच्या डोळ्यांना तेव्हाच धार लागली होती. भ्यालं कोण होतं ते सिस्टरांना बरोबर दिसलं असावं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्यांच्याकडे एक चिंध्यांची बाहुली होती. बाहुलीच्या एका हाताची त्यांनी दोऱ्यानं मूठ बांधली आणि मला सगळं दाखवलं. चहाच्या गाळणीसारखी जाळी, वर मलमलीचं फडकं. त्यावर औषधाचे थेंब टाकायचे, पाढे म्हणत म्हणत झोप लागते. मग डॉक्टर बोटं मोकळी करणार आणि तळहातावर मांडीची कातडी लावणार.

"मग मांडीला कळतं तसं हाताला कळंल? गार, गरम?"

"ते तूच मला सांग नंतर."

"दुखंल?"

"झोपेत नाही. जाग आल्यावर दुखेल."

इतकं सरळ मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. सिस्टरांवर माझा तिथेच विश्वास बसला. जाताना त्यांनी तिघांनाही बजावलं, सकाळी हिच्या पोटात काही जाता कामा नये. आबांनी तर टाचा जुळवल्यासारखी मान हलवली.

सकाळी निघताना आबांनी कुठूनतरी वाटीभर दही पैदा केलं होतं. साखर घालून त्यांनी चमचा माझ्या तोंडात दिला. आईनं पदर सावरून हात जोडले. मोठ्या कामाला निघालेल्या लेकराला तसंच कसं पाठवायचं?

आत गेल्यावर सिस्टरांनी मला विचारलं, "काही खाल्लंस?"

"दही," मी म्हणाले.

"अवं, त्ये खाणं न्हवं," आबा घाईनं म्हणाले. "दही-साखर हाय ती. शकुनाची."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. भरल्या पोटी औषध दिलं तर उलटी होऊन श्वास कोंडतो, हे त्यांनी आबांना समजावलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर ढकललं. चीनची लढाई होऊन फार काळ लोटला नव्हता, रजा वाढवून मिळणं शक्यच नव्हतं. ती त्याच दिवशी संपत होती, आबांना निघावं लागलं. ऑपरेशनच्या वेळी माझ्याजवळ असावं म्हणून आलेला माणूस स्वतःच्याच हातच्या दह्यानं परत चालला होता. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांच्या हातावर कुणी काही ठेवलं नाही. उरलेलं दही वाटीत तसंच राहिलं.

आता माझ्यासोबत एकटी आई, आणि ती तर जखमेची पट्टी बघूनही चक्कर येऊन खाली बसणारी. तिनं जेवण सोडलं. तिचं बघून पहिल्यांदाच मीही भ्याले. सिस्टरांनी मला ती जाळी आणून दिली, औषधाशिवायची. म्हणाल्या, "आईला शिकव की."

मी आईला खाटेवर आडवं केलं आणि जाळी तिच्या नाकावर धरली. "हं, म्हण पाढे."

"मला कुठं येत्यात गं पाढे?"

"मग गोठ्यातल्या जनावरांची नावं घे."

आईनं बैलांपासून सुरुवात केली. मारक्या म्हशीपाशी आल्यावर ती जाळीच्या आतून हसली आणि मग हसता हसता रडली. उठून म्हणाली, "एवढंच व्हय?" त्या दिवशी ती पोटभर जेवली.

ऑपरेशनला मला दारापर्यंत तिनंच नेलं. हात सोडताना म्हणाली, "गोठ्यातली नावं घे गं, भिऊ नगं." औषधाचा वास उग्र आणि गुळचट होता. मी नावं घेऊ लागले. म्हशींपर्यंत पोचलेच नाही.

जाग आल्यावर सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच दुखलं, चांगलंच दुखलं. पट्ट्या सुटल्यावर तळहात पाहिला. लालसर, कडेनं शिवलेला, रेषा नसलेला. मला तो फार आवडला. आईनं तेल लावून लावून बोटं सरळ करायचा ध्यास घेतला. ती पुरती सरळ कधीच झाली नाहीत.

पुढच्या रजेला आबा आले, राहिले आणि निघाले. आईनं त्यांच्या तळहातावर दही ठेवलं, भावंडांना दिलं आणि सवयीनं चमचा माझ्या तोंडाकडे आणला. मी तोंड मिटलं आणि उजवा हात पुढं केला. चमचा मधेच थांबला. मग आबांनी तो तिच्या हातातून घेतला आणि दही माझ्या तळहातावर ठेवलं. गार लागलं. मांडीच्या कातडीला हातावरही गार कळतं, हे आता सिस्टरांना कळवायला हवं होतं. मी तशीच हाताकडे बघत राहिले.

"खा, पोरी," आबा म्हणाले. "आज कुणी खाऊ नगं म्हणायचं न्हाई."