किल्टला लावलेला फॉल

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. बहिणीला सांगावं म्हणून दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा तिच्या गुडघेदुखीवर बोलून ठेवून दिला. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मला तुमचा चेहरा दिसत नाही, हेही आहेच.

गोष्ट एवढीशी आहे हो. दोन इंच कापडाची.

माझी मुलगी इरा तेव्हा पंधरा वर्षांची होती. आम्ही तेव्हाही इथेच, परदेशात, बॉथेलला. इथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्यांच्या मुली भरतनाट्यमला जायच्या. आमच्या बाईसाहेब मैत्रिणीच्या नादाने बॅगपाइप, ते पिशवी फुगवून वाजवायचं वाद्य, शिकायला गेल्या. बँडचा युनिफॉर्म म्हणजे किल्ट — स्कॉटिश लोकांचा तो चौकड्यांचा, मागे चुण्याच चुण्या असलेला लोकरी घोळ. मुलगे, मुली, सगळ्यांना एकच. आणि लांबीचा नियम काय, तर गुडघे टेकून बसायचं आणि कड जमिनीला लागता कामा नये. लागली तर बाहेर. मग थंडी असो नाहीतर पाऊस.

यावरून आमच्याकडे महिनाभर वाद. मी म्हणायचे, नोव्हेंबरात दोन तास उघड्या गुडघ्यांनी रस्त्यावर? डोकं फिरलंय का? इराचं एकच, "आई, इट्स द रूल!" आणि तिच्या बाजूने कोण, तर माझ्या सासूबाई! आई सहा महिन्यांसाठी मिरजेहून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, मी जन्मभर नऊवारीत पोटऱ्या उघड्या टाकून विहिरीवर गेले, ते काय गोठले? कमरेला लोकर आहे ना तिच्या? मग झालं तर."

थंडी, थंडी करत होते मी. पण थंडीचं होतं का ते? आदल्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात एक काकू हसत हसत म्हणाल्या होत्या, "इराचा तो स्कर्ट जरा आखूडच नाही का गं?" ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. यंदा तिच्या बँडच्या परेडला निम्मं मंडळ येणार होतं.

आणि आणखी एक. हे लिहितानाही हात अडतोय — दोघींचं फार गूळपीठ होतं. शाळेतून आली की इरा थेट आजीच्या खोलीत. बिनपिशवीची, सरावाची एक पिपाणी असते, ती वाजवत बसायची. आई शाल पांघरून मांडीवर ठेका धरायच्या. "ते मघाचं परत वाजव गं." मी शेजारच्या खोलीत, मीटिंगमध्ये, एका कानातला हेडफोन काढून ऐकायचे. मला कधी कुणी आत बोलावलं नाही. पण मी तरी कधी दार लोटलं?

परेडच्या आदल्या आठवड्यात किल्ट कव्हरमध्ये घालून कपाटात टांगला होता. माझ्याकडे पुण्याहून आणलेले साडीचे फॉल होते, गडद हिरवे. दोन दुपारी, मीटिंगचा कॅमेरा बंद ठेवून, मी तीन फॉल एकाला एक जोडले आणि किल्टच्या कडेला आतून लावले, दोन इंच खाली येतील असे. चुणी न् चुणी धरून. इतके बारीक टाके मी माझ्या स्वतःच्या साडीलाही कधी घातले नव्हते.

परेडच्या सकाळी भुरभुर पाऊस होता. मुलं तिथल्याच एका हॉलमध्ये कपडे बदलून घाईघाईत रांगेत आली. बँडच्या सरांनी सगळ्यांना गुडघे टेकायला लावले. इराची कड जमिनीवर पसरली. त्यांनी वाकून ती उलटी करून पाहिली, काहीतरी बोलले — आणि माझी मुलगी रांगेतून बाहेर आली. त्या वर्षी ती पहिल्यांदा पुढच्या ओळीत होती. उसवायला वेळ कुठला? सगळी परेड तिने फूटपाथवर, दुसऱ्यांची जॅकेटं हातात धरून पाहिली. आईंना ते दिसलंच नव्हतं; त्या माझ्या शेजारी टाचा उंचावून तिला रांगेत शोधत होत्या.

गाडीत इराने विचारलं, "हू डिड धिस?" घरात शिवणाचा डबा आईंचा. माझ्या हातात सुई तिने कधी पाहिलीच नव्हती. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हटलं, "आजीला वाटलं असेल गं, तुला थंडी वाजेल."

असं म्हटलं मी. आई शेजारच्याच सीटवर होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या मागे वळून म्हणाल्या, "हो बाळा. चुकलंच माझं."

आता सांगण्यासारखं जे आहे ते हे — त्या क्षणी मला लाज वाटली नाही. ती नंतर आली, पुष्कळ आली. त्या क्षणी मला बरं वाटलं. इरा आता त्या खोलीत जाणार नाही, हे कळून बरं वाटलं.

आणि ती गेली नाहीच. दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून आईंनी सगळा फॉल उसवला. मी चहा नेऊन दिला. मी डावखुरी आहे, माझा टाका उलट्या बाजूला कलतो. चाळीस वर्षं शिवण केलेल्या बाईला ते दिसलं नसेल? त्यांनी कप घेतला आणि साखर बरोबर झालीय म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी त्या मिरजेला परतल्या. दर रविवारी फोनवर विचारायच्या, "इरा वाजवते ना गं अजून? एकदा ऐकव म्हणावं." इरा मागून जाता जाता "हाय आजी" म्हणायची. मी म्हणायचे, "अभ्यास फार असतो हो तिला." दोन वर्षांनी आई गेल्या. ते ऐकायचं राहूनच गेलं त्यांचं. अजूनही दुपारी चार वाजता माझा एक कान त्या बंद खोलीकडे लागतो. काय वाट्टेल ते द्यावं आणि एकदा आतून आवाज यावा, "परत वाजव गं."

इरा आता सांता क्लाराला नोकरी करते. तिथल्या बँडमध्ये आहे. परवा सुट्टीला आली, बॅगपाइपची केस उघडली, तर आत, वाद्याखाली, हिरव्या कापडाची घडी. आईंच्या इथेच राहिलेल्या शिवणाच्या डब्यात सापडली म्हणे. परेडच्या दिवशी नेहमी जवळ ठेवते.

"शी जस्ट डिडन्ट वॉन्ट मी टू बी कोल्ड," ती म्हणाली. "आणि मी तिच्याशी नीट बोललेच नाही, आई."

मी घडी उलगडली. तीन फॉलांचे दोन जोड तसेच होते. टाके उलटे कललेले.

मी ती परत नीट घातली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, "जपून ठेव हं. आजीच्या हातचं आहे."